आम्ही: कर्ते, पण केलं काहीच नाही

शेवगावातल्या शिकवणीत ‘चेंज द व्हॉइस’ चाललंय. ‘दे प्रॉमिस्ड अस वॉटर.’ पोरं मान खाली घालून लिहितात, ‘वुई वेअर प्रॉमिस्ड वॉटर.’ मार्क पूर्ण. ‘बाय देम’ गाळलं तरी चालतं. कर्ता कोण हे ठाऊक नसेल, किंवा सगळ्यांनाच ठाऊक असेल, तर तो गाळावा असा नियमच आहे. आपल्याकडे बहुधा दोन्ही कारणं एकदम लागू पडतात.

मराठीत एवढी माया नाही. ‘आम्हाला पाणी दिलं गेलं’ म्हणा, आमची चतुर्थी काही सुटत नाही, मान पाण्याला. इंग्रजी मात्र ‘अस’ला हाताला धरून थेट पहिल्या खुर्चीत बसवते आणि त्याचा ‘वुई’ करते. क्रियापदसुद्धा त्याच्याच तालावर. करायचं काही नाही, थाट कर्त्याचा. (सत्कारमूर्तींना हे चटकन समजेल.)

सरावाला वाक्यं जवळपासच पडलीत. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडी धरणाची पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. ही दोन्ही नावानिशी, कोनशिलेवर शोभणारी. धरणाच्या फुगवट्यात शेवगावकडच्या जमिनी गेल्या, ते वाक्य तेवढं ‘वुई वेअर डिस्प्लेस्ड’. आणि त्याच धरणाच्या जलाशयाचं, नाथसागराचं, पाणी नळाला कधी येईल म्हणून शेवगावकर दिवसच्या दिवस हंडे मांडून बसतात. ‘वुई आर बीइंग सप्लाइड’, चालू वर्तमानकाळ. ‘वुई हॅव बीन सप्लाइड’चा धडा अजून घ्यायचा राहिलाय म्हणे.