संकटाने मंडळात कसे यावे?

श्रीगोंदा तालुक्यातल्या होतकरू विमाधारकाने आधी संकट नीट निवडावे. तालुका पर्जन्यछायेत असल्याने पावसाने दडी मारण्याची सोय घरचीच आहे. पुराची हौस असेल तर भीमा आणि घोड आहेतच.

मग शब्द पाठ करावेत. 'हप्ता' सोपा आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेतकऱ्याचा वाटा खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड, नगदी पिकांना 5. राज्याने 2023च्या खरिपात तो एक रुपयावर आणला. 2025च्या खरिपात एक रुपयाची योजना गेली आणि जाताना गारपीट, पुराच्या वैयक्तिक भरपाईलाही घेऊन गेली. त्यामुळे गुडघाभर चिखलात उभे राहून, रेंज शोधत, 72 तासांत नुकसान कळवण्याचा व्यायामही बंद झाला.

आता सारी भिस्त 'उंबरठा उत्पादना'वर. मागच्या 7 वर्षांपैकी चांगल्या 5 वर्षांची सरासरी घ्यायची, तिला 70 टक्के जोखीमस्तराने गुणायचे. समजा, बाजरीची सरासरी हेक्टरी 10 क्विंटल. म्हणजे उंबरठा 7. यंदा 7 क्विंटल भरली तर भरपाई शून्य, साडेतीन भरली तर संरक्षित रकमेच्या निम्मी. मात्र ही बाजरी विमाधारकाची नव्हे, अख्ख्या महसूल मंडळाची! मंडळात निदान 10 पीक कापणी प्रयोग होतात. 10 बाय 5 मीटरचा, म्हणजे जेमतेम अर्ध्या गुंठ्याचा तुकडा दोरी लावून आखायचा, कणसे कापायची, मळायची, तोलायची. तेव्हा ढगाने एकाच वस्तीवर फुटू नये, गावोगाव सारखे हिंडावे. तो ऐकत नसेल तर सरपंचांनी समजूत घालावी.

अतिवृष्टीचे सरकारी अनुदान हा वेगळा पाहुणा. तो मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला की चौकशीला येतो. 64 मिलिमीटरमध्ये वाहून गेलेल्या बांधाने घाई केली, इतकेच.

सर्वांत नाजूक प्रकरण लिंबाचे. हवामान आधारित फळपीक विम्यात झाडाकडे कोणी पाहत नाही. पाऊस किती, खंड किती दिवसांचा, हे स्वयंचलित हवामान केंद्राने सांगायचे आणि त्यावरून भरपाई ठरायची. बागायतदाराने म्हणून माती परीक्षणाबरोबर केंद्राचे अंतरही मोजून घ्यावे. केंद्राच्या जवळपास कोणाचे लिंबू असेल तर मृग बहाराआधी त्या घरात सोयरीक जमते का, तेही पाहावे.