मॅपभाई

घाटकोपर पूर्वेला पुनर्विकासाच्या वाटेवर नसलेली जुनी इमारत आता शोधूनच काढावी लागते. पंतनगरच्या म्हाडा वसाहतीत तर लहान मुलांनाही पुनर्विकासाचा ३३(५) हा नियम म्हणजे काय ते ठाऊक असतं. अशा प्रत्येक इमारतीच्या पहिल्या जनरल बॉडी मीटिंगला गच्चीवर प्रोजेक्टर लावून एक गृहस्थ उभे असतात. हेच मॅपभाई. मूळचे पक्के रत्नागिरीचे, पण घाटकोपरात राहून धंदा करायचा म्हटलं की नावाला 'भाई' लागतोच. मुलुंडला, बोरिवलीला यांचे मावसभाऊ असतात, आमच्याकडचे हे.

मॅपभाई आर्किटेक्ट नाहीत, सर्व्हेअरही नाहीत. कार्डावर 'जिओस्पेशियल कन्सल्टंट' छापलंय आणि त्याचा अर्थ विचारायचं धाडस अजून कुठल्याही कमिटीला झालेलं नाही. हत्यार एकच : गूगल अर्थ. मीटिंगमध्ये ते आधी आख्खी पृथ्वी दाखवतात, मग ती गरगर फिरवतात आणि वरून सूर मारून थेट सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर उतरतात. म्हाताऱ्या बायका "अगोबाई, आपली टाकी!" म्हणतात, आणि तिथेच कन्सल्टंटची फी मंजूर होते. आता या सॉफ्टवेअरची प्रो आवृत्ती एके काळी वर्षाला ३९९ डॉलरला मिळायची आणि साधी फुकट आवृत्ती घरगुती वापरापुरतीच होती. जानेवारी २०१५मध्ये प्रोही फुकट झाली. मॅपभाईंच्या मते तो दिवस राष्ट्रीय सुट्टीचा असायला हवा होता. मात्र त्याआधीही ते हेच करत होते, तेव्हा कुठल्या आवृत्तीवर करत होते हे विचारू नये.

त्यांचा रिपोर्ट तयार होताना एकदा पाहण्यासारखा आहे. पडद्याचा फोटो काढतात. खाली बारीक अक्षरांत गूगलचं नाव आणि उपग्रहचित्र ज्या कंपनीचं तिचं नाव आलेलं असतं. त्यावर मॅपभाई एक पांढरी चौकट ओढतात, अगदी काटेकोर, एक अक्षरही बाहेर डोकावू नये अशी. मग त्या चौकटीत स्वतःचा शिक्का बसवतात : 'सर्व हक्क राखीव'. गंमत अशी की नावांची ती ओळ तशीच ठेवली, तर असा फोटो रिपोर्टात लावायला गूगलची फारशी हरकत नसते. मनाई आहे ती चित्र गिरवून स्वतःचा नकाशाचा साठा उभा करण्याला. मॅपभाई नेमकं उलटं करतात. नाव झाकतात आणि कंपाउंडची भिंत, गटार, आंब्याचं झाड असं सगळं गिरवून ऑटोकॅडमध्ये उतरवतात. उंच इमारती उपग्रहचित्रात कललेल्या दिसतात, त्यामुळे एका सोसायटीचं कंपाउंड शेजारच्या सोसायटीत शिरलं होतं. दोन्हीकडचे सभासद आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डानेच समेट घडवला.

इमारतीच्या उंचीसाठी लागणाऱ्या विमानतळाच्या परवानगीतही त्यांनी एकदा हात घातला. घाटकोपरवरून विमानं उतरतात, तेव्हा इथे प्रत्येक मजला विमानतळ प्राधिकरणाला विचारून चढवावा लागतो आणि जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची रीतसर मोजून द्यावी लागते. मॅपभाईंनी ती पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात वाचून दिली. "दोन मीटर इकडेतिकडे," ते म्हणाले, "विमानाला काय फरक पडतो?"

गूगलच्या परवान्याचा विषय काढला ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलीने. ती जीआयएसचा, म्हणजे संगणकी नकाशांचा, कोर्स करून आलेली, त्यामुळे अटी वाचायची वाईट सवय. "सर, हे चालत नाही," ती म्हणाली. मॅपभाईंनी ठेवणीतलं अस्त्र काढलं : "२०२१च्या फेब्रुवारीत सरकारने नकाशे खुले केले. पेपर वाचत जा!" सरकारने तेव्हा भारतीय कंपन्यांना नकाशे बनवायला असलेली पूर्वपरवानगीची अट काढली, हे खरं. पण त्यामुळे दुसऱ्याने पैसे टाकून घेतलेलं चित्र आपल्या तीर्थरूपांचं होत नाही, हे तिने सांगितलं. मॅपभाईंनी चहा मागवला.

याच सुमारास विक्रोळीच्या एका कन्सल्टंटने मॅपभाईंची पीडीएफ उचलून, शिक्का झाकून आपल्या रिपोर्टात लावली. पांढरी चौकटसुद्धा तशीच. मॅपभाई खवळले. "ही चोरी आहे! बौद्धिक संपदा म्हणून काही आहे की नाही?" वकिलाची नोटीस जाणार होती. वकिलाने मूळ चित्र कुणाचं एवढंच विचारलं आणि नोटीस राहिली.

मग मुलीने क्यूजीआयएस हे नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर बसवून दिलं. २००२पासून जगभरातली माणसं ते घडवताहेत. धंद्यासाठी वापरा, केलेलं काम विका, कुणी अडवत नाही. सोबत ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा. तोही फुकट, मुख्य अट अशी की नकाशा ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा आहे, असं लिहायचं. पैसे देणं मॅपभाईंना एक वेळ जमलं असतं. स्वतःच्या रिपोर्टावर दुसऱ्याचं नाव लिहायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

पण त्यांना लवकरच दिसलं की या नकाशात कुणीही भर घालू शकतं. असल्फ्याच्या टेकडीवरच्या गल्ल्या अशाच कुणाकुणी भरलेल्या. आपल्या ऑफिसची इमारत त्यात बिननावाची आहे हे पाहून मॅपभाईंनी लगेच गूगल उघडलं. "तिथून बघून टाकायचं नाही, सर," मुलगी म्हणाली, "खाली जाऊन पाटी वाचून या." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मॅपभाई जागेवर जाऊन सर्व्हे करून आले. नाव टाकलं, शेजारी आपल्या ऑफिसचा ठिपकाही टाकला आणि खुर्चीत रेलून म्हणाले, "आता मीही योगदानकर्ता. म्हणजे नाव माझंच लिहिलं तरी चालेल ना?"

चालत नाही, हे समजावण्यात दुपार गेली. आता योगदानकर्त्यांची ओळ रिपोर्टात असते, भिंग घेतलं तर दिसते. आणि बिलात एक नवा मथळा आलाय : 'लायसन्स कंप्लायन्स चार्जेस'. परवा पंतनगरच्या एका सेक्रेटरीने त्यावर बोट ठेवलं. "मॅपभाई, नकाशा फुकट, सॉफ्टवेअर फुकट, मग हे कशाचे?"

"नाव लिहायचे," मॅपभाई म्हणाले.

सेक्रेटरींनी चष्मा पुसला. "मग आमच्या सोसायटीचं नाव पण मोठ्या अक्षरात टाका. आणि जीएसटी पकडून राउंड फिगर करा."