मौनाचा अधिकार
उच्च माध्यमिक वर्गांत कायदा शिकविताना व्याख्या घोकविण्यापेक्षा साक्षात न्यायनिर्णय वाचावेत, हे मत सर्वथा ग्राह्य होय. मात्र राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभे राहूनही ते न गायिल्यामुळे शाळेतून काढलेल्या केरळातील तीन भावंडांना, भाषणस्वातंत्र्यात मौनाचाही अंतर्भाव होतो असे ठरवून, सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली परत दाखल करविले, तो निवाडा निवडताना मास्तरांनी किंचित दूरदृष्टी दाखवावी. कारण तो तन्मयतेने समजावून झाल्यावर ‘कलम १९ काय म्हणते?’ असे विचारताच शेवटच्या बाकावरचा पक्षकार उठतो, हात जोडून अदबीने उभा राहतो, आणि चकार शब्द काढीत नाही. मास्तर त्याला वहिवाटीप्रमाणे वर्गाबाहेर काढतात. अपील मुख्याध्यापकांकडे असते, आणि ते दाखल होण्यापूर्वीच खारीज होते.