वासाचं मूळ

घरात नकोसा वास आला की प्रत्येकाला त्यात आपापला जुना वैरी सापडतो. आमच्या डिशवॉशरचं दार उघडल्याबरोबर आईने नाकाला पदर लावला आणि निकाल दिला, "बोंबील!" बोंबील हे माझ्या बायकोच्या माहेरचं दैवत. बायको म्हणाली, "छे! हिंग आहे हा. तुमच्याकडच्या आमटीत पडतो तेवढा हिंग वाण्याकडेसुद्धा नसतो." मुलीच्या मते वास अंड्याचा होता, आणि घरात अंडी फक्त मी खातो. मावशी केर काढता काढता थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, जो सगळ्यांचं उष्टं काढतो, त्याला कुणी आंघोळ घालायला नको का?"

प्रश्न मला होता, कारण यंत्राचं खातं माझ्याकडे आहे. भांडी घासण्याचं काम मोरीत होत होतं तोवर ते आमच्या घराण्यातल्या एकाही पुरुषाच्या नजरेला पडलं नव्हतं. त्याला प्लग आला, सोबत माहितीपुस्तिका आली, तसं ते काम एकाएकी तांत्रिक झालं. आता मी पाहुण्यांना खालच्या रॅकमध्ये ताटं कोणत्या कोनात लावावीत हे समजावून सांगतो, आणि बायको पाहुण्यांच्या मागे उभी राहून माझ्याकडे बघत असते.

हे यंत्र काढणाऱ्या जोसेफिन कॉक्रनबाईही काही भांडी घासून दमलेल्या नव्हत्या. अमेरिकेत इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिल गावच्या या सुखवस्तू बाई. त्यांच्या उंची चिनी मातीच्या बशांचे नोकरांच्या हातून टवके उडत, हे त्यांचं दुःख. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना पेटंट मिळालं, १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात यंत्र गाजलं आणि हॉटेलांनी ते उचललं. पिठल्याची खरवड धरलेली कढई बाईंच्या पाहण्यात आली नसावी. आपल्याकडे बऱ्याच घरांत हे यंत्र २०२०च्या टाळेबंदीत आलं. मावशी पुन्हा कामावर आल्या, तोवर ते ओट्याखाली ठाण मांडून बसलं होतं. तरी मावशींचं काम काही सुटलं नाही. लोखंडी तवा आत गंजतो, ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडतो, पितळ्या निस्तेज होतात आणि पोळपाट तडकतो. राहिलेली भांडी यंत्र घासतं.

वासावर घरोघरी उपाय तयार असतात. आईने उदाची काडी लावायला सांगितली. शेजारच्या काकूंनी अर्धं लिंबू वरच्या रॅकला खोचायचा सल्ला दिला. त्याने तासभर लिंबाचा वास येतो, आणि सुटलेल्या बिया फवाऱ्याच्या पात्याच्या भोकांत जाऊन बसतात. न्यू जर्सीच्या पुतण्याने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "काका, आमच्याकडे वास नाही." कसा येईल? त्याची बायको भांडी हाताने घासते आणि यंत्रात फक्त निथळत ठेवते. मुलीने व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतला. भसाभसा फेस आला, सगळ्यांना काहीतरी भव्य घडल्यासारखं वाटलं. वास्तविक आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवून बसतात. फेस जातो, वास राहतो.

मग मी बाह्या सरसावल्या. खालचा रॅक बाहेर घेतला की तळाशी जाळीचा पेला दिसतो. घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की तो हातात येतो आणि त्याच्याखालची बारीक चपटी जाळी मोकळी होते. जाळीवर तुपाचा करडा, बुळबुळीत थर होता. त्यात रुतलेल्या वस्तू मी पुरावे म्हणून कागदावर मांडल्या : बोंबलाचा काटा, आमटीतली मोहरी, अंड्याच्या कवचाची कपची, तमालपत्राचं देठ, भाताची शितं आणि लोणच्याच्या बरणीचं भिजून लगदा झालेलं लेबल. एकही आरोपी निर्दोष सुटला नाही.

खरं तर वास यांच्यापैकी कुणाचाच नसतो. तो यांच्यावर जगणाऱ्या जिवाणूंचा असतो. रबरी भाग सुकू नयेत म्हणून थोडं पाणी तळाशी राहतंच. त्यात खरकटं, वर ऊब आणि बंद दार. त्यातून वीज वाचवायची म्हणून आम्ही रोज 'इको' लावतो. ते पाणी ५० अंशांच्या आसपास तापवतं. तूप वितळतं खरं, पण गार कोपरा गाठून पुन्हा थिजतं. त्याचा आवडता कोपरा म्हणजे दाराची खालची कड. तिथे फवारा पोचतच नाही, त्यामुळे सगळं यंत्र लखलखत असताना ती कड मात्र चिकट असते. जुना टूथब्रश आणि भांड्यांचा साबण घेऊन ती, आणि दाराच्या रबराची घडी, हातानेच घासावी लागते.

माशाच्या वासावर उतारा बायकोच्या माहेरीच निघाला. तिकडे माशाच्या भांड्याला चिंच नाहीतर लिंबाचं साल चोळतात. माशाचा वास ज्या अमाइनमुळे येतो ते आम्लाशी जुळून क्षार होतं, मग ते हवेत उडत नाही. ढोकळ्यात घालतात ते लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, तेच काम करतं आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा थरही उतरवतं. ते चमचाभर घालून, साबण न टाकता, यंत्र रिकामंच सर्वांत गरम चक्रावर चालवायचं. ब्लीच मात्र लांब ठेवायचं. आम्लाशी गाठ पडली तर त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

एवढं करूनही गटारासारखा वास आला तर यंत्राला बोल लावू नये. सांडपाण्याची नळी ओट्याखाली उंच वळसा देऊन बांधली आहे का ते पाहावं, नाहीतर सिंकचं पाणी उलटं आत येतं. मे महिन्यात घर बंद ठेवून गावाला गेलात तर नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि वास थेट घरात येतो. तिथे तांब्याभर पाणी ओतलं की झालं.

एक वाद तेवढा मिटला नाही. मावशींचं म्हणणं, भांडी लख्ख विसळूनच आत ठेवावीत. पुस्तिका सांगते की खरकटं निपटून काढा आणि पुढचं यंत्रावर सोडा. डिटर्जंटमधली विकरं डाळीची प्रथिनं आणि भाताचा स्टार्च तोडायलाच घातलेली असतात. मी हे मावशींना सविस्तर सांगितलं. त्या म्हणाल्या, "विसळलेलंच भांडं धुवायचं, तर यंत्र कशाला? आणि न विसळता वास येतो, तर यंत्र कशाला?" पुस्तिकेत याचं उत्तर नाही.

अखेर वेळापत्रक आईने लावून दिलं. जाळी दर सोमवारी. आणि एकादशीला यंत्राला उपास : पोटात भांडं नाही, साबण नाही, फक्त कढत लिंबूपाणी. यंत्र उपास मनापासून पाळतं, वासही नाहीसा झालाय. आमची मात्र एकादशी दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. दुपारपर्यंत सिंक काठोकाठ भरतं आणि यंत्र तर उपाशीपोटी गरम चक्रावर बसलेलं. परवाच्या एकादशीला मी मावशींना हळूच म्हटलं, "आजच्या दिवस एवढी भांडी घ्याल का?"

मावशींनी खोचलेला पदर सोडला आणि चपला पायात घातल्या.

"यंत्राला सोडलंत ना, काका? मग मलापण आज एकादशीच आहे."