एकास चोवीस : मॉडेल गाड्या जोडणाऱ्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

या छंदाला सर्वप्रथम एक टेबल लागतं. ते जेवणाचं असलं तर उत्तम. त्यावर उजेड बरा असतो, आणि दिवसातून दोनदा कोणीतरी ते रिकामं करून मागतं, त्यामुळे डोळ्यांना सक्तीची विश्रांती मिळते.

मग प्रमाण ठरवावं. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा महादरवाजापेक्षा उंच असतो, पायथ्याशी प्लास्टिकची जीप उभी असते, तरी कोणाचं काही अडत नाही. इथे अडतं. १:६४ म्हणजे मुलांच्या खिशात मावणारी गाडी. १:४३ हे प्रमाण खेळण्यातल्या आगगाड्यांच्या कृपेने आलं; स्टेशन झालं, रूळ झाले, तेव्हा बाहेर उभ्या करायला मोटारी हव्या होत्या. १:१८ ची धातूची गाडी बहुधा तयारच मिळते. ती आणायची आणि उभी करायची. तिच्यात आपल्या हातून बिघडण्यासारखं काही नसतं, म्हणून होतकरू माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये.

जोडायच्या प्लास्टिक किटमध्ये जपान्यांनी मुख्यतः १:२४ धरलं आणि अमेरिकनांनी १:२५. आता हिशेब करा. ४.३ मीटर लांबीची गाडी पहिल्या प्रमाणात जवळपास १८ सेंटिमीटर भरते, दुसऱ्यात १७ च्या थोडी पुढे. दोन्ही शेजारी ठेवल्या तर फरक सात मिलिमीटरचा. कोणाही पाहुण्याला तो दिसत नाही. तुम्हाला मात्र त्यापायी रात्री झोप लागेनाशी झाली, की छंद लागला असं समजावं.

किट घेताना पहिलं पूर्ण झाल्याशिवाय दुसरं आणणार नाही, असा निश्चय करावा. निश्चय करायला पैसे पडत नाहीत. कपाटावर खोके साठू लागले की ते आडवे न ठेवता उभे ठेवावेत, खालून मोजता येत नाहीत. एक सावधगिरी : वडिलांची फियाट किंवा काकांची अँबॅसिडर जोडायची, अशा हळव्या हेतूने दुकानात जाऊ नये. तिथे पोर्शे असते, स्कायलाइन असते, मस्टँग असते. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली आणि मुंबईच्या टॅक्सीस्टँडवर २०२३ पर्यंत टिकलेली पद्मिनी तिथे सहसा नसते. ती हवी असेल तर प्लास्टिकचे पत्रे कापून स्वतःच घडवावी लागते, आणि ते प्रकरण या मार्गदर्शनाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

खोकं उघडल्यावर सगळे भाग प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले दिसतील. आधी ते भांडी घासायच्या साबणाने धुवावेत, कारण साच्यातून सुटून यावेत म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर रंग धरत नाही. (घरात भांडी कधी न घासणारी माणसं हे काम तासभर तन्मयतेने करतात. यावर होणारी टीका ऐकून घ्यावी.) भाग हाताने पिरगाळून तोडू नयेत, निप्परने कापावेत. कापताना एखादा टिचकन उडेल. उडणारा भाग नेहमी जोडीतला एक असतो. दिवे मालवून टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरावा, म्हणजे बारीकशा तुकड्याचीही लांब सावली पडते. केर काढायला येणाऱ्या मावशींना ‘आज या खोलीत नको’ हे आदल्या दिवशीच सांगावं. कारण विचारलं तर खरं सांगू नये.

किटचं सिमेंट हा खरं तर गोंद नव्हेच. ते पॉलिस्टायरिन विरघळवतं आणि दोन भाग एकमेकांत वितळवून एक करतं. बोटाला लागलेला थेंब टपावर टेकला, तर आधार केंद्रातल्या यंत्रालाही उमटवता येणार नाही इतका स्वच्छ ठसा तिथे कायमचा राहतो. काचांना फेविक्विकच्या जातीचा गोंद लावू नये. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढुरकं धुकं धरतं. तिथे शाळेतला पांढरा गोंद वापरावा, तो वाळला की दिसत नाही. प्रमाणाचा हिशेब इथेही विसरू नये. एक मिलिमीटरचा ओघळ म्हणजे खऱ्या गाडीवर चोवीस मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ इंचाचा फुगवटा.

आता इंजिन. या छंदाचं मर्म इथे आहे, म्हणून सावकाश वाचावं. इंजिनाला चार प्रकारचे राखाडी रंग द्यावेत. स्पार्क प्लगच्या तारा किटमध्ये नसल्या तर केसाएवढी तार आणून स्वतः ओवाव्यात. खाचाखोचांत पातळ काळा रंग सोडून तेलाचे डाग दाखवावेत. मग वरून बॉडी बसवावी आणि ते इंजिन पुन्हा कधीही पाहू नये, कारण बऱ्याच किटमध्ये बॉनेट उघडतच नाही. सीटबेल्टचंही तेच, सायलेन्सरचंही तेच. जे उत्तम जमतं ते झाकलं जातं, आणि जे फसतं ते बरोबर टपावर येतं.

हे सगळं कोणासाठी, असा प्रश्न पडला तर जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीकडे पाहावं. १९७६ मध्ये आलेल्या पोर्शे ९३४ च्या १:१२ किटसाठी मापं मनासारखी मिळेनात, म्हणून शुन्साकु तामियांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी केली. परत जोडणं जमेना, तेव्हा पोर्शेच्या माणसांना बोलवावं लागलं. म्हणजे खरी गाडी उघडून ठेवल्याबद्दल बोलणी खाण्याची वेळ तुमच्यावर अजून आलेली नाही. ही गोष्ट घरी वेळ पाहून सांगावी.

रंगाची घाई करू नये. प्रायमर, मग पातळ हात, मधे वाळवण, मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून. जून ते सप्टेंबर महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, लॅकरचा डबा उघडूच नये. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली वाफ जमते आणि चकचकीत काळी गाडी दुधात बुडवून काढल्यासारखी दिसते. या चातुर्मासात डिकल (गाडीवर उतरवायची अक्षरं-चित्रं) लावावेत. ते कोमट पाण्यात भिजवून अलगद सरकवायचे असतात. ज्या वाटीत भिजवाल ती नंतर आमटीसाठी परत देऊ नये.

गाडी झाली की शोकेस. तिथे आधीपासून शंख, ताजमहाल, सोसायटीच्या कॅरम स्पर्धेचा चषक आणि लग्नात आलेला पितळी गणपती असतो. गणपतीला हलवायचं धाडस करू नये, ताजमहालाची बदली शक्य आहे. पश्चिमेच्या खिडकीसमोर गाडी ठेवली तर डिकलचे रंग उन्हाने फिके पडतात. धूळ फडक्याने पुसू नये, मऊ ब्रशने उडवावी. पारदर्शक खोक्यात ठेवली तर सर्वांत चांगलं.

पाहुणे पहिला प्रश्न विचारतील : चालते का? यावर इंजिनातल्या तारांबद्दल बोलू नये. ‘नाही’ म्हणून चहाचं विचारावं. दुसरं वाक्य येतं ते जास्त गंभीर : ‘पिंटूला जरा खेळायला दे ना.’ यासाठी खालच्या कप्प्यात धातूची एक स्वस्त गाडी कायम तयार ठेवावी आणि ती काढून देताना चेहऱ्यावर मोठा त्याग दाखवावा.

तरीही आरसा मोडतोच. डावा मोडला तर पुन्हा चिकटवत बसू नये, ही भारतीय आवृत्ती आहे असं सांगावं. आपल्याकडच्या कितीतरी मारुती ८०० डाव्या आरशाशिवायच आयुष्यभर धावल्या. उजवा मोडला तर पिंटूला त्याच्या आईकडे द्यावं, दार लावावं आणि टॉर्च काढावा.