पंख्याचा कारभार

ट्रॉम्बेच्या ज्या टेकडीपलीकडे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी प्रथम क्रियाशील झाली, जिची नियंत्रणयंत्रणा ए. एस. राव ह्यांच्या चमूने स्वहस्ते घडविली, आणि जेथे १९६९ साली ‘टीडीसी-१२’ हा स्वदेशी संगणक जन्मास आला, त्याच टेकडीच्या अलीकडे राहणाऱ्या माझ्यासारख्या गृहस्थाला आपल्या संगणकातील चार बोटे रुंदीचा पंखा आटोक्यात आणता येऊ नये, ही वार्ता शेजाऱ्यांपासून लपविण्याजोगीच होती. परंतु पंख्याचा आक्रोशच असा होता की ती आपण होऊन खालच्या मजल्यापर्यंत पोहोचली.

तेथे राहणारे काका उभी हयात उपकरणांच्या संगतीत घालवून निवृत्त झालेले. “चित्रांवर टिचक्या मारून यंत्र ऐकत नसतं रे, त्याला लेखी हुकूम लागतो,” असे म्हणत त्यांनी ती सुप्रसिद्ध काळी खिडकी उघडविली आणि तपमान वाचणारी ‘एलएम-सेन्सर्स’ व पंखा हाकणारी ‘फॅनकंट्रोल’ ह्या दोन आज्ञावलीरूपी असामींना पाचारण करण्याचे फर्मान माझ्याकडून लिहवून घेतले. फर्मानाच्या आरंभी ‘सुडो’ हे मुखत्यारपत्र जोडावे लागते, आणि मग परवलीचा शब्द; तो टंकताना पडद्यावर साधा ठिपकाही उमटत नाही, तरीही काकांनी सभ्यपणे मान वळवून माहूलच्या दिशेकडील धुराचे अवलोकन केले.

पुढे जी उलटतपासणी झाली तिची तोड कोणत्याही कचेरीत सापडणार नाही. ‘एलएम-सेन्सर्स’सोबत आलेली संवेदक शोधणारी आज्ञावली प्रत्येक पायरीवर अनुज्ञा मागते: प्रथम सांगते की हा शोध सर्वस्वी निर्धोक आहे, मग म्हणते, बहुधा निर्धोक आहे, आणि अखेरीस, आपण होकारांच्या ओघात वाहवत गेल्यावर, निर्विकारपणे कळविते की हा भाग सर्वांत जोखमीचा असून काही यंत्रांना त्याचा उपद्रव झाल्याची नोंद आहे. “आमच्याकडे जोखीम पहिल्या पानावर असायची,” काका अप्रसन्न मुद्रेने म्हणाले.

त्यानंतर कोणता पंखा कोणाच्या ताब्यात आहे हे ठरविण्यासाठी ‘फॅनकंट्रोल’च्या ‘पीडब्ल्यूएमकॉन्फिग’ने पंखा चक्क बंद पाडला. घरात विलक्षण शांतता पसरली, तपमानाचा आकडा चढू लागला आणि काका श्वास रोखून, जणू अणुभट्टीच समोर आहे अशा गांभीर्याने, त्या आकड्याकडे पाहत राहिले. पंखा आज्ञाधारक झाला खरा. पण साठ अंशांपर्यंत निपचित पडावे आणि तेथून एकदम बोंब ठोकावी, पुन्हा गप्प, पुन्हा बोंब, असा त्याने क्रम धरला. अखंड गोंगाटाची सवय होते, हप्त्याहप्त्याने येणाऱ्या गोंगाटाची होत नाही. सौभाग्यवतींनी आतूनच बडतर्फीचा हुकूम दिला.

नेमणुकीस एक ओळ पुरली होती. बडतर्फीस ‘रिमूव्ह’ लिहिले, तर यादीत दोघांच्या नावांपुढे ‘आरसी’ ही अक्षरे शिल्लक: म्हणजे असामी गेली, दप्तर राहिले. सरकारी क्वार्टरची किल्ली परत करून माळ्यावर ट्रंक ठेवून जाणारे लोक असतात, तसाच हा प्रकार. म्हणून ‘पर्ज’, मग त्यांच्यासोबत आलेल्या आश्रितांसाठी ‘ऑटोरिमूव्ह’, आणि एवढ्याने बेबाकी झाली असे वाटावे तोच काकांनी ‘मॉड्यूल्स’ नावाच्या फायलीत दोन ओळी पकडल्या, ज्या मागे आमच्याच संमतीने लिहिल्या गेल्या होत्या आणि म्हणून ज्यांना हात लावण्याचा अधिकार ‘पर्ज’लाही नव्हता.

“अप्सरा २००९ साली बंद केली,” काका त्या ओळी पुसत म्हणाले, “तिच्या जागी नवी चालू व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडला. काढणं म्हणजे काय पोरखेळ वाटला तुला?”

मग त्यांनी वही मागितली, तारीख-वेळ घातली, ‘यंत्र पूर्वस्थितीत’ असे लिहिले, मालक म्हणून माझी व साक्षीदार म्हणून स्वतःची सही घेतली, आणि शेऱ्याच्या रकान्यात वळणदार अक्षरांत नोंदविले: ‘आवाज कायम.’