बर्नमच्या वनाला परवाना लागतो

अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या ॲशलंड नावाच्या लहानशा गावात 1935 पासून शेक्सपिअर महोत्सव भरतो. पुढच्या उन्हाळ्यात कोणती नाटकं होणार, हे तिथे आदल्या वर्षीच जाहीर होतं. आमच्या दिल्लीत नाटकाची बातमी मंडी हाउसच्या चौकात पोस्टर चिकटल्यावर लागते, आणि तोवर पहिला प्रयोग होऊनही गेलेला असतो.

एवढ्या मोठ्या राजधानीला शेक्सपिअरचा स्वतःचा, ठरलेला उन्हाळी महोत्सव नाही. तेव्हा येत्या उन्हाळ्याचा हंगाम मीच जाहीर करून टाकतो. समिती नाही, दीपप्रज्वलन नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. त्यामुळे प्रयोग वेळेवर सुरू व्हायचीही थोडी शक्यता आहे.

पहिलं पुष्प, ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’. स्थळ सुंदर नर्सरी, वेळ मध्यरात्र. जून 2024 मध्ये सफदरजंगच्या वेधशाळेत एका रात्रीचं किमान, पुन्हा सांगतो, किमान तापमान 35.2 अंश होतं. अशा रात्री प्रेमिक रानात हरवत नाहीत, एसी असलेल्या मॉलमध्ये हरवतात. गाढवाचं मुंडकं डोक्यावर घ्यायला तर एकही नट तयार होणार नाही. ती भूमिका मुंगेशपूरच्या हवामान यंत्राला द्यावी. मे 2024 मध्ये त्याने 52.9 अंश दाखवून जगभर खळबळ उडवली आणि मागाहून तीन अंशांची चूक निघाली. विनोदाचं टायमिंग त्याला उपजत आहे.

दुसरं ‘टेम्पेस्ट’. याला खर्च शून्य. मे महिन्यात संध्याकाळी आकाश पिवळं पडलं की पडदा उघडायचा, वादळ आपोआप येतं. प्रॉस्पेरोने फक्त होर्डिंगपासून लांब उभं राहावं.

तिसरं ‘किंग लिअर’. राज्याचे तीन तुकडे करण्याचा प्रवेश कापला आहे, कारण एनसीआरचे तुकडे आधीच झालेले आहेत. थोरलीचा फ्लॅट गुरुग्रामला, मधलीचा नोएडाला. म्हाताऱ्याला हाकलायला वादळ कशाला हवं, दोन्ही सोसायट्यांच्या गेटवरची नोंदवही पुरे. (मराठी प्रेक्षकाला हे पात्र नव्याने समजावून सांगावं लागणार नाही. शिरवाडकरांनी 1970 मध्येच त्याला ‘नटसम्राट’मध्ये आपल्या घरी आणून बसवलंय.)

खरी पंचाईत ‘मॅकबेथ’ची. बर्नमचं रान चालून आल्याशिवाय मॅकबेथ हरत नाही, असं चेटकिणींच्या गुहेतलं भाकीत. मग सैनिक रानातल्या फांद्या तोडतात, त्यांच्या आडोशाने पुढे सरकतात आणि रान चालू लागतं. दिल्लीत हा प्रवेश करायचा तर आधी 1994 चा वृक्षसंरक्षण कायदा वाचा. फांदी तोडायची? वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करा. अर्जाचा निकाल लागेपर्यंत मॅकबेथ सुखाने राज्य करील, निवृत्त होईल आणि एखाद्या आयोगाचा अध्यक्षही होईल. परवानगी न घेता रान हलवण्याचा प्रयोग इथे झालेलाच आहे म्हणा. 2024 मध्ये रस्ता रुंद करायला अरवलीच्या रिजवरची सुमारे 1,100 झाडं दिल्ली विकास प्राधिकरणाने पाडली, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो न्यायालयाचा अवमान ठरवला. शेक्सपिअरचं रान निदान किल्ल्यापर्यंत पोचलं होतं.

उन्हाळा नको तर हिवाळ्यात करा, असं कुणी सुचवेल. नोव्हेंबरमध्ये या शहरात तिसऱ्या रांगेतून नट दिसेल याची हमी कोण देणार? 2018 मध्ये जंगलातल्या वणव्यांच्या धुरामुळे ॲशलंडलाही उघड्यावरचे कितीतरी प्रयोग रद्द करावे लागले होते. पण त्यांचा तो अपघात होता, आमचं ते पंचांग आहे.

‘दिल्लीचं राजकारण हेच शेक्सपिअरचं नाटक’ हे वाक्य या सदरात येणार नाही. निवडणुकीच्या मोसमात ते इतरत्र मुबलक मिळतं.

आता थट्टा पुरे. या शहराने शेक्सपिअर केला नाही असं नाही, उत्तम केला. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या रंगमंडळाने 1979 मध्ये ब. व. कारंतांच्या दिग्दर्शनात ‘बरनम वन’ उभं केलं. रघुवीर सहाय यांचं हिंदी, अंग यक्षगानाचं, आणि चालतं रान हेच नाटकाचं नाव. 1999 मध्ये रॉयस्टन एबल यांनी त्याहून बोचरं काम केलं. त्यांच्या नाटकात दिल्लीतली एक मंडळी ‘ऑथेल्लो’ची तालीम करते, नायकाची भूमिका आसामहून आलेल्या नटाला मिळते आणि मुरलेल्यांच्या पोटात दुखू लागतं. आसामच्याच आदिल हुसेनने तो नट केला. ईशान्येकडच्या माणसाला दिल्ली कशी वागवते, हे त्या वेळी चारशे वर्षं जुन्या नाटकाने सांगितलं. पण मग ही नाटकं जातात कुठे? चार प्रयोग, एक परदेश दौरा, एक पुरस्कार, आणि पुढे संशोधकाच्या प्रबंधात एक प्रकरण.

आपल्या मराठीत उलट होतं. आगरकरांनी 1883 मध्ये ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, आणि गणपतराव जोशींच्या शाहूनगरवासी मंडळीने तो हॅम्लेट राजपुत्र गावोगाव नेऊन पोट भरलं. शेक्सपिअर त्यांच्यासाठी संस्कृती नव्हती, खेळ होता, तोही तिकीट लावून. अर्थात आता कॉलर ताठ करू नका. आजच्या मराठी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत शेक्सपिअरचं एखादं नाटक शोधून दाखवा, मग बोलू.

नाट्य विद्यालयाचं रंगमंडळ मे-जूनमध्ये आपला उन्हाळी महोत्सव करतंच. सभागृह आहे, पगारी नट आहेत, थंड हवाही आहे. त्यातल्या चार संध्याकाळी दरवर्षी शेक्सपिअरच्या नावावर लिहून टाका, पहिली ‘बरनम वन’ची, आणि तारखा दिवाळीतच जाहीर करा. दिल्लीकर वाचकांना एवढंच सांगणं, की त्या दिवशी ओळखीच्या साहेबाकडे पास मागायला फोन करू नका. तिकीट काढा.